मोगली पुस्तकातला, मोगली पडद्यावरचा: तुलना नीट कशी करावी

‘पुस्तक आणि चित्रपट यांची तुलना करा’ असं सांगितलं की मुलं वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढतात आणि एका बाजूला साम्य, दुसऱ्या बाजूला फरक लिहायला बसतात. पाऊण तासात वीस-पंचवीस फरक जमतात. पुस्तकातला शेर खान जन्माचा लंगडा, पडद्यावरचा धडधाकट. पुस्तकात माकडांना राजा नाही, चित्रपटात आहे. बरं, मग? यादी खरी असते, पण तिच्यातून पुढे काही निघत नाही. वर्ग शेवटी ‘पुस्तकच चांगलं’ यावर येऊन थांबतो, कारण बाईंना तेच ऐकायचंय हे मुलांना ठाऊक असतं.

यातून सुटायचं तर प्रत्येक फरकापुढे एकच प्रश्न लावावा: जे गाळलं किंवा बदललं ते मूळ कथेत कोणतं काम करत होतं, आणि ते काम आता कोण करतंय? काही वेळा उत्तर मिळतं, दुसऱ्या पात्राने ते काम उचललेलं असतं. काही वेळा ते काम कोणीच करत नाही आणि चित्रपट तिथे पोकळ वाजतो. कधीकधी ते काम न करणं हेच दिग्दर्शकाला हवं असतं. तिन्ही उत्तरं मोगलीच्या कथेत सापडतात.

पुढची पद्धत पाचवी ते नववीच्या दहा-बारा मुलांच्या गटासाठी आहे. शाळा, वाचनालय किंवा सोसायटीतली रिकामी खोली, कुठेही जमेल. सोलापूरच्या मुलांसाठी मोगली निवडायला एक खास कारण आहे. आपल्याकडे लांडगा हा चित्रातला प्राणी नाही. धनगराच्या वाड्यावरची मेंढी नेणारा म्हणून त्याचं नाव घराघरात माहीत आहे. पुस्तक उघडण्याआधी मुलांना ‘लांडगा म्हटलं की काय आठवतं?’ एवढंच विचारा आणि उत्तरं फळ्यावर न लिहिता कागदावर लिहून घडी करून ठेवा. शेवटच्या बैठकीत ती लागतील.

आधी पुस्तक कोणतं ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईचा. ‘जंगल बुक’ १८९४ मध्ये आलं, दुसरा भाग १८९५ मध्ये. हे लेखन झालं ते अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये. पहिल्या पुस्तकात सात कथा आहेत आणि त्यातल्या फक्त तीन मोगलीच्या. बाकीच्या सील, मुंगूस, हत्ती वगैरेंच्या. दुसऱ्या पुस्तकातल्या आठपैकी पाच मोगलीच्या. म्हणजे ‘मोगलीची कादंबरी’ अशी वस्तूच नाही. आठ सुट्या कथा आहेत, आणि चित्रपटवाल्यांनी त्यांतून आपापल्या सोयीने तुकडे उचलले आहेत.

मराठीत या कथांची अनेक रूपांतरं बाजारात आहेत आणि त्यातली बरीच संक्षिप्त आहेत. काही तर सरळ चित्रपटावरूनच लिहिलेली असतात. तशी प्रत हातात पडली तर तुम्ही चित्रपटाची तुलना चित्रपटाशीच करत बसाल. घेण्याआधी दुकानात किंवा वाचनालयात उभ्याउभ्या पाच खुणा तपासा. तबाकी नावाचा कोल्हा आहे का? मोगलीला कळपात घेण्यासाठी बघीरा एक बैल देतो का? मेसुआ नावाची गावातली बाई आहे का? शेर खान म्हशी-रेड्यांच्या पायाखाली मरतो आणि मोगली त्याचं कातडं सोलतो का? आणि माकडांना राजा नाही ना? पाचपैकी चार जमल्या तर प्रत चालेल. माकडांचा राजा पुस्तकात दिसला तर ती प्रत परत ठेवा.

किपलिंग १९३६ मध्ये गेला, त्यामुळे मूळ इंग्रजी मजकुरावर भारतात आता कोणाचा हक्क नाही. तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. मराठी अनुवादाचं तसं नाही. तो हक्क अनुवादकाचा किंवा प्रकाशकाचा असतो, म्हणून अख्ख्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढून वाटू नका. दोन-तीन प्रती आणि मोठ्याने वाचन एवढ्यावर भागतं.

तीन कथा पुरेत: मोगली लांडग्यांत येतो ती पहिली, माकडं त्याला पळवतात ती दुसरी, शेर खानाच्या शेवटाची तिसरी. एक सूचना आधीच द्या, नाहीतर मुलं हमखास अडकतात. पहिल्या कथेच्या शेवटी मोगली कळपातून बाहेर पडून माणसांकडे निघतो, आणि दुसऱ्या कथेत तो पुन्हा बल्लूपाशी धडे गिरवताना दिसतो. छापण्यात चूक नाही. माकडांची कथा आधीच्या काळातली आहे, पहिल्या कथेने मधली जी दहा-अकरा वर्षं उडी मारून ओलांडली त्या वर्षांतली. चित्रपट हा क्रम सरळ करून घेतात. तक्त्यात हा पहिला फरक म्हणून नोंदवायला हरकत नाही.

आता चित्रपट

सहज मिळतील आणि एकमेकांपासून पुरेसे वेगळे असतील असे दोन आहेत. डिस्नेचा १९६७ चा ॲनिमेशनपट, वोल्फगांग रायथरमन यांचा, ७८ मिनिटांचा. आणि जॉन फावरो यांचा २०१६ चा, जवळपास पावणेदोन तासांचा, ज्यात मोगलीचं काम करणारा नील सेठी सोडला तर जवळजवळ सगळं संगणकावर घडवलेलं आहे. त्या दृश्यपरिणामांना ऑस्करही मिळालं. या दुसऱ्याला आपल्या सेन्सॉर बोर्डाने ‘यू/ए’ दिलं होतं. शेर खानाच्या काही झेपा खरंच दचकवतात. दहा वर्षांखालची मुलं गटात असतील तर १९६७ च्याच चित्रपटावर भागवा. अँडी सर्किस यांचा २०१८ चा चित्रपट आणखी गडद आहे. तो आठवी-नववीच्या पुढे.

आणि एक चौथं रूप आहे जे कोणी लावत नाही, पण खोलीत हजर असतं: दूरदर्शनवर १९९३ च्या सुमारास लागलेली ५२ भागांची जपानी मालिका. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल अजून पालकांच्या तोंडात आहे. आईबाबा मुलांना ‘मोगली म्हणजे असं असं’ म्हणून जे सांगतात ते बऱ्याचदा त्या मालिकेतलं असतं. त्यामुळे तक्त्यात पुस्तकाच्या बाजूला काही लिहिताना पान क्रमांक सक्तीचा ठेवा. पान नसेल तर नोंद नाही.

डिस्नेच्या चित्रपटाविषयी एक माहिती मुलांना आधी नको, पाहून झाल्यावर द्या. पटकथेचा पहिला आराखडा बिल पीट यांनी पुस्तकाच्या अंगाने, गंभीर केला होता. वॉल्ट डिस्नेंना तो रुचला नाही आणि पीट बाहेर पडले. नंतर आलेल्या लॅरी क्लेमन्स यांना डिस्नेंनी पुस्तक वाचूच नका असं सांगितल्याचं प्रसिद्ध आहे. डिस्ने १९६६ च्या डिसेंबरात वारले. त्यांनी जातीने लक्ष घातलेला हा शेवटचा ॲनिमेशनपट. हे कळल्यावर ‘चित्रपटाने चुकीचं दाखवलं’ हे वाक्य मुलं आपणहून सोडून देतात. ठरवून केलेल्या बदलाला चूक म्हणता येत नाही, त्याचा हिशेब मागता येतो.

वेळ, खोली, वीज

एकूण सहा बैठका लागतात, प्रत्येकी दीड ते दोन तास. तीन वाचनाच्या, दोन पाहण्याच्या, एक तक्ता आणि चर्चेची. पावणेदोन तासांचा चित्रपट घेतला तर पाहण्याची आणखी एक धरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत करणार असाल तर सकाळी आठ ते दहा. एप्रिल-मे महिन्यांत अकरानंतर पत्र्याच्या खोलीत मुलं बसवणं म्हणजे उपक्रमाचा शेवट.

सकाळची अडचण उजेडाची. प्रोजेक्टर असेल तर पूर्वेकडची खिडकी झाकावीच लागते. पडदे विकत आणायची गरज नाही, घरातल्या सोलापुरी चादरी दुहेरी करून खिळ्यांना टांगल्या की खोलीत पुरेसा अंधार होतो, आणि भिंतीचा घुमणारा आवाजही थोडा बसतो. पंखा बंद पडेल अशी आडवी चादर मात्र लावू नका. लॅपटॉप पूर्ण चार्ज, स्पीकर बॅटरीवरचा. वीज गेली तर लॅपटॉपच्याच पडद्यावर दहा मुलं दोन ओळींत बसून पाहू शकतात.

शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता चित्रपट दाखवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. घरच्या स्ट्रीमिंग खात्यावरून वाचनालयात जाहीर खेळ लावणं हा वेगळा मामला. खात्याच्या अटी तसं सहसा करू देत नाहीत, आणि तिकीट तर अजिबात लावू नये. डीव्हीडी विकत मिळाली तर शाळेसाठी तीच सोयीची.

भाषा कोणती ठेवायची? सोलापुरातल्या एका वर्गात घरी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुलं शेजारी बसतात, त्यामुळे हिंदी डब सगळ्यांना पेलतो. पण डबिंगचे निर्णय दिग्दर्शकाच्या नावावर टाकू नका. २०१६ च्या हिंदी आवृत्तीत शेर खानाचा आवाज नाना पाटेकरांचा आहे, जो दूरदर्शनच्या मालिकेतही होता. बल्लू इरफान खानच्या आवाजात पंजाबी ढंगाने बोलतो. बघीरा ओम पुरी. ही सगळी भर हिंदीतली. बल्लू मिश्कील आहे हा मुद्दा चालेल, बल्लू पंजाबी आहे हा नाही.

वाचताना काय टिपायचं

प्रत्येक कथा मोठ्याने वाचायला साधारण तासभर लागतो. माकडांची जरा लांब आहे, ती मध्ये पाणी प्यायला थांबून दोन भागांत घ्या. वाचणारा बदलत ठेवा. बाकीच्यांनी पेन्सिलीने तीनच खुणा करायच्या. जिथे कोणी वचन देतो, नियम सांगतो किंवा किंमत मोजतो तिथे ‘व’. जिथे पुढच्या घटनेचं कारण पडतं तिथे ‘का’. जिथे नुसतं पाहिलं-ऐकलं जातं, घडत काही नाही, तिथे ‘पा’. वर्णनं सुंदर असतात म्हणून मुलं सगळीकडेच खुणा करतात. एका पानावर चारापेक्षा जास्त खुणा झाल्या तर परत वाचून दोन खोडायला सांगा.

पहिल्या कथेत ‘व’ ची गर्दी दिसेल. लांडग्यांच्या सभेत परक्या पिल्लाला घ्यायचं तर आई-बाप सोडून दोघांनी त्याच्यासाठी बोलावं लागतं. बल्लू बोलतो. बघीराला सभेत बोलायचा हक्क नाही, पण जीव विकत घेता येतो असा नियम आहे, म्हणून तो नुकताच मारलेला एक धष्टपुष्ट बैल देऊ करतो. दहा-अकरा वर्षांनी शेर खान तरुण लांडग्यांना फितवतो, कळपाचा म्होरक्या अकेला याची शिकार चुकेल असा डाव रचला जातो, आणि त्याच बैलाची आठवण काढून बघीरा कळपाला बोलतो. देवाणघेवाणीचा हा व्यवहार लक्षात ठेवा. चित्रपटात तो शोधायचा आहे.

चित्रपट दोनदा पाहायचा

एकदा पाहून लिहिलेली तुलना आठवणीवर उभी असते, आणि आठवण गाण्यांच्या बाजूने झुकते. पहिल्यांदा वह्या बंद. हसू द्या, गाऊ द्या.

दुसऱ्यांदा थांबत-थांबत. मोबाइलवरचं घड्याळ नको, प्लेअरवरचा मिनिटांचा आकडा लिहायचा. १९६७ च्या चित्रपटाचे सोयीचे अकरा तुकडे पडतात: बाळ होडीत सापडतं; दहा वर्षांनी लांडगे त्याला पाठवायचं ठरवतात; झाडावर अजगर; हत्तींची परेड; बल्लूची भेट; माकडं आणि किंग लुई; बल्लूवर रुसून पळणं; शेर खान हत्तींचं बोलणं ऐकतो; अजगर दुसऱ्यांदा; गिधाडं आणि लढाई; पाण्याला आलेली मुलगी. प्रत्येक तुकड्यानंतर दोन मिनिटं थांबा. बैठक लांबते, पण एका तुकड्यावर एकच ओळ लिहायची असं सांगितलं की दोन तासांत बसते.

तक्ता मोठ्या आडव्या कागदावर करा, रजिस्टरच्या पानात मावत नाही. रकाने सहा: घटना, पुस्तकात पान, चित्रपटात मिनिट, बदलाची खूण, मूळ काम, आता कोण करतं. खुणा पाच पुरतात. ‘ग’ गाळलं, ‘ह’ दुसरीकडे हलवलं, ‘ए’ दोन गोष्टी एक केल्या, ‘न’ नवं घातलं, ‘उ’ उलटं केलं. शेवटचे दोन रकाने पहिल्या दिवशी रिकामे राहिले तरी राहू द्या. ते घाईने भरले की ‘मनोरंजनासाठी’ हा शब्द सगळीकडे येतो. तो शब्दच बाद ठरवा.

एक धागा शेवटपर्यंत: आग कुठून आली?

तक्ता समजावायला हे उदाहरण सगळ्यात चांगलं, कारण तिन्हीकडे शेर खानापुढे आग येते.

पुस्तकात आग आणायची कल्पना बघीराची. मोगली गावात जातो, एका पोराच्या हातातलं निखाऱ्यांचं मडकं घेतो, दिवसभर गुहेत बसून त्याला काटक्या घालून आग जिवंत ठेवतो आणि संध्याकाळी सभेत नेतो. तिथे जळत्या फांदीने तो शेर खानाला झोडपतो, मारत नाही. वाघ मरतो तो पुढच्या कथेत, दिवसाउजेडी, आणि तिथे आग नाहीच. तिथे योजना आहे. शेर खान पहाटे डुक्कर खाऊन, वर पाणी पिऊन घळीत पडलेला आहे, म्हणजे भरल्या पोटाने त्याला चढताही येणार नाही आणि लढताही. अकेला आणि थोरला लांडगाभाऊ गुरांच्या कळपाचे दोन भाग करतात. मोगली रेडे घेऊन घळीच्या वरच्या तोंडाशी जातो, म्हशी आणि वासरं खालच्या तोंडाशी अडवलेली. मग रामा नावाचा रेडा पुढे आणि बाकीचे मागे. गुरं राखलेल्या घरातलं एखादं मूल गटात असेल तर त्याला विचारा, कळप असा फोडता येतो का, वासरं असलेल्या म्हशीसमोर जनावर का जात नाही. किपलिंगने ही कारणं पानावर लिहिली आहेत. वाघ म्हशींपेक्षा रेड्यांकडे तोंड करणं पसंत करतो.

१९६७ मध्ये या दोन लढतींची एक झाली (खूण ‘ए’). आग आकाशातून, वीज पडून येते. मोगली जळती फांदी वाघाच्या शेपटीला बांधतो आणि वाघ पळतो. मग मूळ काम काय होतं? निखारा मिळवणं, जपणं, योग्य वेळी वापरणं, यातून मोगली मोठा होत होता. वीज पडल्यावर ते काम कोणीच करत नाही. मात्र या चित्रपटाला तो मोठा व्हायला नकोच आहे. मोठं होणं त्याने शेवटच्या दृश्यासाठी, पाणी भरणाऱ्या मुलीसाठी राखून ठेवलंय. (रामा हे नावही गंमत म्हणून शोधायला सांगा. पुस्तकातला रेडा इथे लांडग्यांच्या घरातला बाप झालाय.)

२०१६ मध्ये मोगली गावातून मशाल पळवतो, पण पळताना ठिणग्या उडून जंगल पेटतं, आणि सगळे प्राणी त्याच्याकडे बघत असताना तो ती पाण्यात फेकून देतो. म्हणजे आगीचं काम उलटं झालं (‘उ’). पुस्तकात ती माणसाच्या पोराची ताकद, इथे ती माणसाचं पाप. वाघाशी सामना मग तो आपल्या क्लृप्त्यांनी करतो, आणि शेर खान खाली आगीत पडतो. या चित्रपटात लांडगे त्याच्या दोऱ्या आणि भोपळ्याच्या भांड्यांवर नाराज असतात, तो वाद पुस्तकात नाही. तो घातला गेला याचं कारण शेवटच्या या लढाईत आहे. रेड्यांची झुंड मात्र सुरुवातीलाच, वाघापासून पळताना भेटते. ती वाघाला मारत नाही, मोगलीला वाचवते. खूण ‘ह’ आणि ‘उ’ दोन्ही.

एवढा एक धागा नीट झाला की बाकीचे मुलं स्वतः ओढतात.

बैलाचा धागा त्यांना द्या. डिस्नेच्या लांडग्यांनी मोगलीसाठी काही मोजलेलंच नाही, म्हणून त्याला घालवून देताना ते कोणालाही फसवत नाहीत. एक रात्र, एक सभा, ठरलं. पुस्तकातला विश्वासघाताचा सगळा भाग त्यामुळे उडतो, आणि मोगलीचा राग फुरंगटल्यासारखा दिसतो. हा त्या चित्रपटातला खरा कमकुवत सांधा आहे.

अजगराचा धागा तर त्याहून मजेदार. पुस्तकातला अजगर, नाव त्याचं ‘का’, हा मोगलीचा तारणहार. माकडांच्या ओसाड नगरीची भिंत तोच फोडतो, आणि त्याच्या डुलण्याने माकडंच काय, बल्लू आणि बघीराही भारावतात. एकट्या मोगलीवर परिणाम होत नाही. चित्रपटात नेमका मोगलीच डोळे फिरवून बसतो. माकडांपासून सोडवायचं काम बल्लूच्या सोंगाकडे गेलं. मित्र असलेला साप प्रेक्षकाला पटणार नाही असं कोणाला तरी वाटलं असावं. २०१६ मध्येही त्याला धोकादायकच ठेवलंय, फक्त मोगलीचा भूतकाळ सांगायचं नवं काम दिलं.

बल्लूकडे थोडा वेळ थांबा. पुस्तकात तो मास्तर आहे, चापट मारणारा. त्याने पाठ करून घेतलेल्या ‘आपण एकाच रक्ताचे’ या परवलीमुळेच माकडं पळवून नेत असताना मोगली घारीला हाक मारू शकतो आणि शोध लागतो. कथेच्या शेवटी चूक मोगलीची म्हणून त्याला शिक्षाही होते, आणि शिक्षा झाल्यावर विषय संपतो, कुढत बसायचं नाही. पडद्यावरचा बल्लू शिकवतो ते निवांत राहायला. नियमांचं ओझं एकट्या बघीरावर पडतं, म्हणून तो सतत वैतागलेला. २०१६ च्या चित्रपटाने नियमाचं काम लांडग्यांना परत दिलं. ते जंगलाचा कायदा एका सुरात म्हणतात, आणि दुष्काळातला पाण्याचा तहही येतो. हे दोन्ही दुसऱ्या पुस्तकातून उचललेलं.

जिथे घसरतं

गावाचा भाग काळजीने घ्या. किपलिंगचे गावकरी भोळसट, शिकारी बुलदेव थापाड्या, आणि वाघाच्या कातड्यावरच्या शंभर रुपयांच्या सरकारी बक्षिसावर त्याचा डोळा. ही साहेबी नजर आहे आणि आठवी-नववीच्या मुलांना ती कळते. लपवू नका, पण मेसुआही दाखवा, जी एकटी मोगलीला घरात घेते. चित्रपटांनी गाव जवळजवळ गाळलंय. उपहास टळला, पण त्याबरोबर माणसांनीही त्याला दगड मारून हाकललं हा अर्धा भाग गेला.

लांबीचा फरक मोजून ‘चित्रपटाला वेळ नव्हता’ म्हणू देऊ नका. हत्तींच्या परेडला वेळ होता.

प्राण्यांची खरी-खोटी तपासणी वेगळ्या कागदावर ठेवा, तक्त्यात मिसळली की ती सगळं खाऊन टाकते. डिस्नेचा किंग लुई ओरांगउटान आहे, पण ओरांगउटान भारतात नाही, तो बोर्निओ आणि सुमात्राचा. म्हणून २०१६ मध्ये लुईला नामशेष झालेला महाकाय वानर केलं. किपलिंगच्या सभेत चाळीसेक लांडगे जमतात. आपल्याकडचा कळप सहसा दहाच्या आत असतो. खरा भारतीय लांडगा दाट रानापेक्षा माळाचा रहिवासी. मोगलीच्या कथा जिथे घडतात ते मध्य प्रदेशातलं सिवनीचं रान आणि वैनगंगा नदी खऱ्या आहेत, पण किपलिंग स्वतः तिथे गेला नव्हता. स्टर्नडेल या इंग्रज निसर्गअभ्यासकाच्या सिवनीवरच्या लेखनाचा त्याला आधार होता. त्याच वैनगंगेच्या खोऱ्यात, नवेगाव-नागझिऱ्यात, आपल्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींनी वनखात्यात वर्षं काढली. त्यांचा एखादा प्राण्यांवरचा लेख याच बैठकीत वाचला तर मुलांना पाहून लिहिणं आणि ऐकून रचणं यातला फरक कोणी सांगावा लागत नाही.

सहल काढायची असेल तर बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे, माळढोक अभयारण्य, १९७९ चं. वनखात्याची परवानगी आधी घ्या, पहाटे पोहोचा, हिवाळा बरा. काळवीट बहुधा दिसतील. लांडगा दिसेल असं मुलांना कबूल करू नका, आणि हिवाळा पिल्लांचाही काळ असतो, त्यामुळे बिळं शोधत फिरणं नको. परत आल्यावर सुरुवातीचे घडी केलेले कागद उघडा आणि प्रत्येकाने आपल्याच उत्तराखाली पुस्तकातला लांडगा, चित्रपटातला लांडगा आणि माळावरचा लांडगा अशा तीन ओळी लिहाव्यात.

लिहून घेताना

लेख दीड पानाचा, एकाच धाग्यावर. वीस गुण असतील तर पाच पान-मिनिटांच्या पुराव्याला, दहा ‘काम कोण करतं’ याला, पाच स्वतःच्या निवाड्याला. निवाडा चित्रपटाच्या बाजूने असला तरी पूर्ण गुण. पान क्रमांक नसलेल्या वाक्याला शून्य, मग ते कितीही छान असो.

ज्यांचं लवकर उरकेल त्यांना दुसऱ्या पुस्तकातली रानकुत्र्यांची कथा द्या. दख्खनवरून, म्हणजे आपल्याच पठारावरून, कोळसुंदांची टोळी सिवनीत उतरते आणि कळपाला लढावं लागतं. म्हाताऱ्या अकेलाचा शेवट या लढाईत आहे. २०१६ च्या चित्रपटाने अकेलाला आधीच, शेर खानाच्या हातून मारलं, आणि वर सांगितलेल्या दोन्ही चित्रपटांत ही लढाई नाही, त्यामुळे मुलांना टेकायला आयतं काही मिळत नाही. आठ पोस्टकार्डांएवढे कागद कापून द्या, एका कागदावर एक दृश्य. ‘का’ अजगर आणि मोगलीचं ठरवणं, झाडावरून टोळीच्या म्होरक्याची शेपूट छाटणं, मधमाश्यांच्या कड्यावरून धाव, नदीत उडी, खाली अडवून बसलेला कळप, एवढं घातलं की तीनच कागद उरतात. मुलं सहसा मधमाश्यांवर तीन कागद खर्च करतात आणि अकेलासाठी जागा उरत नाही. तसं झालं की कागद वाढवून देऊ नका, कोणता काढायचा ते त्यांनाच ठरवू द्या आणि का काढला ते कागदाच्या मागे लिहून घ्या.